चार भोकं आणि एक कडी

माझ्या सासऱ्यांना आंघोळ करताना बोलायची सवय होती. गाणं नाही, श्लोक नाहीत, नुसतं बोलणं. पहिला तांब्या अंगावर पडला की सुरुवात व्हायची: महापालिका, रिक्षावाले, सोसायटीची कमिटी आणि सरतेशेवटी मी नुकतीच घरात आणलेली एखादी वस्तू. दाराला कडी असल्यामुळे आपलं बोलणं बाहेर जात नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. आम्ही स्वयंपाकघरात शब्द न् शब्द ऐकायचो. ती समजूत मात्र कुणी मोडली नाही.

पावसाळ्यात ते बाथरूममध्ये घसरले. हाड वाचलं, पण माझ्या नवऱ्याने धसका घेतला. यापुढे बाबांनी आतून कडी लावायची नाही, दार नुसतं लोटून घ्यायचं, असं त्याने जाहीर केलं. बाबा दुसऱ्या दिवसापासून आंघोळीत बोलेनासे झाले. बाहेर सून वावरते आहे, दार लोटलेलं आहे, अशा अवस्थेत ते प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून भराभर अंग ओलं करायचे आणि कपडे चढवून बाहेर यायचे. त्यांचा चेहरा मला बघवायचा नाही.

मग नवरा म्हणाला, दसरा झाला की नर्सिंग ब्यूरोमधून आंघोळ घालायला माणूस ठेवू. त्याचं चुकत होतं असं नाही, तो घाबरला होता. पण ज्या माणसाने घरात कधी कुणाकडे पाण्याचा पेलासुद्धा मागितला नाही, त्याच्या पाठीला आता तिऱ्हाइताने साबण लावायचा, हे मला सहन होईना. बाबांनाही होणार नव्हतं, फक्त ते तसं म्हणाले नसते.

खरं तर उपाय साधा होता. भिंतीला धरायला एक स्टीलची दांडी हवी होती. दांडी मी आणूनही ठेवली होती. तिच्यासाठी भिंतीत चार भोकं पाडायची, एवढंच काम. त्यासाठी मी एक सुतार, एक प्लंबर आणि सोसायटीचा इलेक्ट्रिशियन यांना फोन केले. तिघेही अगदी गोड आवाजात "उद्या येतो" म्हणाले. सणाच्या तोंडावर सगळ्यांकडे मोठमोठी कामं होती, चार भोकांसाठी जिना कोण चढतो? मला राग आला की मी भांडी घासते. त्या दिवशी भांडी आधीच घासून झाली होती, म्हणून मी तडक हार्डवेअरच्या दुकानांची बोहरी आळी गाठली.

दुकानदाराने दोन ड्रिल मशीन समोर ठेवली. एक नावाजलेल्या कंपनीचं होतं. दुसऱ्याचं नाव मी आधी कधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही कधी ऐकलं नाही. किंमत मात्र निम्म्याहून कमी.

"हे टिकेल का?" मी विचारलं.

"रोज भिंती फोडणार आहात का?"

"छे हो. घरच्यापुरतं. वर्षातून तीन-चारदा."

"मग तुमच्यानंतरही राहील."

पेठेतल्या दुकानात माझ्याशी इतकं प्रेमाने कुणी बोललेलं मला आठवत नाही. मशीनबरोबर खोक्यात काही बिटं, म्हणजे भोक पाडायची टोकं, फुकट होती, ती त्याने बोटाने बाजूला सारली. "ही शोभेची. टाइलसाठी चांगलं बिट वेगळं घ्या. मशीन स्वस्त चालेल, बिट नाही." आजही कुणी मला सल्ला विचारला तर मी हेच सांगते, आणि माझाच शोध असल्यासारखं सांगते.

बाबांची सगळी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये झालेली. वस्तू घ्यायची ती एकदाच, हा त्यांचा बाणा. त्यांनी मशीन हातात घेतलं, वजन जोखलं, प्लॅस्टिकवर नखाने टकटक केलं आणि मला परत दिलं. "छान आहे. खेळून झालं की जागेवर ठेव."

मी दुसऱ्याच दिवशी भोकं पाडणार होते, पण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्या घरी त्या दिवशी बाबांच्या हत्यारांची पूजा होते. पाटावर त्यांचे पाने, कानस आणि मखमलीत गुंडाळलेला मापाचा व्हर्नियर मांडतात आणि दिवसभर कशालाही हात लावायचा नाही. हत्यारांना सुट्टी. मी मुकाट्याने माझं मशीनही नेऊन पाटाच्या कडेला आडवं ठेवलं. बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे कोण?"

"नवीन आलंय, बाबा."

"राहू दे कडेला," ते म्हणाले. आता त्यांना खाली बसता येत नसल्यामुळे हळद-कुंकू मी वाहिलं आणि अक्षता त्यांनी खुर्चीतूनच उधळल्या. माझ्या मशीनवरही भरपूर पडल्या. मला उगीचच बरं वाटलं.

दसऱ्याच्या सकाळी मी झेंडू उचलले, मशीन फडक्याने पुसलं आणि कामाला लागले. पहाटेच्या आंघोळी उरकून बाथरूम कोरडं केलं होतं. टाइलवर बिट घसरू नये म्हणून चिकटपट्टी लावली, खूण केली, बटण दाबलं. बिटाचं टोक एका जागी फिरेचना. ते थरथरत खुणेभोवती गोल गोल फिरायला लागलं. पुन्हा घट्ट केलं, पुन्हा तेच. नवरा दारात उभा होता. तो फक्त "स्वस्तातलं," एवढंच म्हणाला आणि ब्यूरोचा नंबर शोधायला आत गेला. मला रडूच आलं. एका दांडीसाठी एवढा आटापिटा करून आपण शेवटी एक खेळणंच घेऊन आलो होतो.

"आण इकडे," बाबांनी हॉलमधून हाक मारली.

त्यांनी बिट काढलं. बिट जिथे धरलं जातं तो पुढचा चक हाताने उलटा फिरवून पूर्ण उघडला, आत फुंकर मारली आणि मशीन तळहातावर आपटलं. हातावर कुंकवाने माखलेला तांदळाचा एक दाणा पडला; त्यामुळेच बिट तिरकं बसत होतं. बाबांनी तो चिमटीत उचलला.

"याचा दोष नाही," ते म्हणाले. "हा दाणा माझा आहे."

मग त्यांनी मला त्यांची खुर्ची बाथरूमच्या दाराशी न्यायला लावली. कारखाना सुटल्यापासून त्यांचा तो टूलरूममधला हुकमी आवाज मी ऐकला नव्हता, म्हणजे मी तर तो कधीच ऐकला नव्हता, नवऱ्याकडून ऐकून होते. "दाबू नकोस. त्याचं त्याला जाऊ दे. टाइल संपली, आता बटण हॅमरवर घे, ठोके बसू देत. हं. थांब, तापलं असेल." प्रत्येक भोकानंतर ते मशीन मागून घ्यायचे आणि त्याच्या पोटावर हात ठेवून बसायचे, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. निवलं की परत द्यायचे. महागडं मशीन न थांबता गेलं असतं, हे मला माहीत आहे. पण मग बाबांना त्यात काही काम उरलं नसतं. चौथ्या भोकाला ते स्वतःशीच म्हणाले, "आवाज सरळ आहे गड्याचा." मी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

भोकांत प्लॅस्टिकच्या गिट्ट्या ठोकल्या, स्क्रू आवळले. माझं वजन बाबांच्या दीडपट तरी आहे. मी दांडी दोन्ही हातांनी धरली, पाय वर घेतले आणि लोंबकळले. नवरा धावत आला. दांडी तसूभर हलली नाही. त्याने स्वतःही एकदा ओढून पाहिली, पुन्हा एकदा पाहिली आणि दाराची कडी वर-खाली करून तिला तेल घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा टॉवेल खांद्यावर टाकून गेले. मी चटणीसाठी खोबरं मिक्सरमध्ये घातलं होतं. दार लागलं. मग कडी लागल्याचा आवाज आला. मग पाण्याचा. नंतर बराच वेळ काहीच नाही, आणि मी ओट्याला टेकून उभी.

"दांडी तिरकी लावलीय जराशी," आतून आवाज आला. "सांगायची सोय नाही. आणि त्या महापालिकेला म्हणावं..."

मी मिक्सर लावला नाही. चटणी काय, नंतरही झाली असती.