चाकबाईंचे चारशे मीटर

आमच्या कचेरीत त्यांना सगळे चाकबाई म्हणत. लांब दांडीला लावलेलं एक चाक असतं. ते जमिनीवरून ढकलत नेलं की किती मीटर झाले ते वरच्या डबीत दिसतं. ते चाक घेऊन बाई वर्षातले दोनशे दिवस रानात, कालव्याच्या काठाने आणि टेकड्यांवर हिंडायच्या. मी शेजारच्या टेबलावर बसून नकाशे काढायचो. त्यांनी चालायचं आणि मी रेघा ओढायच्या, असं अकरा वर्षं चाललं. "नवऱ्याशी भांडले नाही तेवढी या नकाशेवाल्यांशी भांडले," असं त्या सगळ्यांसमोर सांगायच्या.

आम्ही दोघं मिळून एक पत्रक काढायचो. 'घरच्यांसोबत चालायच्या बारा वाटा' असं त्याचं नाव. वाचनालयात, बस थांब्यावर, दवाखान्याच्या बाकावर ते फुकट मिळायचं. कुठली वाट किती लांब, चढ कुठे, बसायला बाक कुठे, बाबागाडी जाईल की नाही, हे सगळं त्यात असायचं. बाईंची मुलगी लहान होती तेव्हा तिला त्या सोबत न्यायच्या. जिथे ती पहिल्यांदा "अजून किती राहिलं?" असं विचारायची तिथे मला बाकाची खूण काढायला लावायच्या. तिथे बाक नसला तर साहेबांच्या मागे लागून बसवून घ्यायच्या. मुलगी मोठी झाली, कॉलेजात गेली, बाक मात्र तिच्याच हिशोबाने राहिले.

दर वर्षी उन्हाळ्याआधी बाराही वाटा पायी तपासायच्या, असा नियम होता. बाई काठीने भराव टोचून बघत, पुलांच्या फळ्यांवर उड्या मारत, कठडे गदागदा हलवत. रानातल्या पायऱ्यांवर तर त्या बसून खाली घसरायच्या. मूल घसरलं तर कुठे थांबेल, ते बघायला.

त्या वर्षी सात नंबरची वाट राहिली होती. कालव्याची. अगदी सपाट आणि सगळ्यांत सोपी. बाईंची दाढ चार दिवस ठणकत होती आणि डॉक्टरांनी दुपारी चारची वेळ दिली होती. वाटेचा बहुतेक भाग त्या चालल्या. लाकडी पुलापाशी आल्या तेव्हा सव्वातीन झाले होते. पुढे फक्त चारशे मीटर, सरळसोट, दोन्हीकडे गवत. पुलावर उभं राहून त्यांनी टोकापर्यंत नजर टाकली, वहीत 'ठीक' लिहिलं आणि माघारी फिरल्या. दुसऱ्या दिवशी सुजलेल्या गालाने माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "सात नंबर ठीक आहे. जशीच्या तशी छापा."

मी छापली.

अठरा दिवसांनी, सुट्टीच्या दिवशी सकाळी, एक निवृत्त घड्याळदुरुस्तीवाले आपल्या सुनेला आणि दोन नातवंडांना घेऊन त्या वाटेने निघाले. पत्रक त्यांच्या खिशात होतं. लाकडी पूल ओलांडून ते थोडं पुढे गेले. सहा वर्षांची नात काठाकडची फुलं तोडायला दोन पावलं बाजूला झाली आणि तिच्या पायाखालचं गवत मातीसकट खाली बसलं. घुशींनी आतून भराव पोखरला होता आणि आठवडाभराच्या अवकाळी पावसाने तो पार ढिला झाला होता. मुलगी पाण्यात पडली. आजोबांनी मागेपुढे न बघता उडी मारली, तिला धरून वर ढकललं. सुनेने पालथं पडून तिचा हात पकडला आणि तिला बाहेर ओढलं. आजोबांना मात्र वर येता येईना. कालव्याच्या दगडांवर शेवाळ होतं, हात टिकत नव्हते. सून ओढणी टाकत राहिली, ओरडत राहिली. पुलापलीकडून माणसं धावत येईपर्यंत म्हातारे दमून पाण्याखाली गेले होते.

चौकशी झाली. आमचे साहेब, कालवा खात्याचे दोन इंजिनियर आणि बाई खोलीत बसले. मी नकाशा घेऊन दारापाशी उभा होतो.

"तपासणी अठरा दिवस आधी झालेली. शेरा ठीक," साहेब वही बघत म्हणाले. "भराव पावसाने खचला. यात कुणाचा दोष नाही. बाई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

बाईंनी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, दुःखामुळे.

बाहेर जिन्यात त्यांनी मला गाठलं. "नकाशेवाले, मी तिथे गेलेच नव्हते."

मला आधी कळेचना. त्यांनी सगळं सांगितलं, दाढेपासून पुलापर्यंत. आणि माझ्या तोंडून काय निघालं, तर, "कुणाला बोलू नका." हे मी म्हटलं. लाज वाटते, पण म्हटलं.

घरी नवऱ्यानेही तेच सांगितलं. तो बस चालवायचा, मितभाषी माणूस. "तू बोललीस म्हणून तो माणूस परत येणार आहे का? पोरीचं शिक्षण व्हायचंय अजून," तो म्हणाला आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

मग बाईंनी एक वेगळंच सुरू केलं. बाराही वाटा त्या पुन्हा तपासायला लागल्या, एकदा, दोनदा, तीनदा. जिथे तिथे धोका दिसायला लागला. रानातली वाट 'कठीण' झाली, टेकडीची 'मुलांसाठी नाही' झाली. बागेतल्या तळ्याभोवतीच्या डांबरी रस्त्यालाही त्यांनी 'मुलांचा हात सोडू नये' असा शेरा मारला. कचेरीत हशा पिकला. कुणीतरी आमच्या जिन्यावर कागद चिकटवला, 'वाट कठीण, सोबत आजी असावी.' बाईंनी तो वाचला, नखाने सोलून काढला आणि टेबलाशी येऊन बसल्या.

तिसऱ्या महिन्यात एके दुपारी म्हणाल्या, "मी त्यांच्या घरी जाते आहे. एकटीने पाय धजत नाही. चला माझ्यासोबत."

मी गेलो.

दोन खोल्यांचं घर, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीखाली म्हाताऱ्यांचं कामाचं टेबल तसंच होतं. चिमटे, भिंग, बारीक स्क्रूंच्या डब्या. त्यांची बायको धुतलेल्या चादरीच्या घड्या घालत होती. सून आतून आली. नात पलंगावर पाय दुमडून बसली होती, आमच्याकडे न बघता.

आम्ही कुठून आलो ते सांगितल्यावर आजी म्हणाल्या, "या, बसा. तुमचे साहेब येऊन गेले. चांगलं बोलले."

बाई बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सारवासारव केली नाही, रडल्याही नाहीत. सुनेने मध्येच मुलीला उचलून आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून परत आली.

आजींच्या हातातली चादर अर्धी दुमडलेली राहिली. "तू गेली असतीस तर दिसलं असतं?"

"वरून दिसलं नसतं. पण मी काठी टोचून बघते. काठी आत गेली असती."

खालच्या रस्त्यावर कुणीतरी मोटारीचा भोंगा वाजवत होतं.

"हे तू मला कशाला सांगितलंस?" आजी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तीन महिने मी पावसाला शिव्या देते आहे. सकाळी उठले की देते, झोपताना देते. तेवढंच बरं वाटायचं. आता तुझं तोंड दिसेल मला. तुझं मन हलकं झालं, आणि माझं?"

"हलकं नाही झालं," बाई म्हणाल्या.

"मग दोघींचं नुकसान केलंस."

सून तोपर्यंत भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे आली, टेबलावरचा कागद आणि पेन घेतलं आणि बाईंसमोर धरलं. "आत्ता बोललात ते लिहून द्या. खाली सही करा."

बाई घड्याळजींच्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी लिहून दिलं. एक शब्द खोडला नाही. मी साक्षीदार म्हणून सही केली. निघताना त्यांनी आजींना वाकून नमस्कार करायला हात पुढे केले, तर आजींनी पाय मागे घेतले.

पुढे जे व्हायचं ते झालं. चौकशी पुन्हा उघडली. बाईंना नोकरीवरून काढलं आणि निवृत्तिवेतनही गेलं. साहेबांची बदली झाली, मला लेखी समज मिळाली. बाईंचा नवरा वर्षभर घरात कामापुरतं बोलायचा. जेवायला वाढ, दार लाव, एवढंच. मुलीने कॉलेज सोडलं नाही, पण ती मामाकडे राहायला गेली आणि तिथलीच झाली. कालव्याच्या त्या चारशे मीटरना लोखंडी कठडा लागला.

दोन वर्षांनी मी बाईंना भेटलो. त्या एका लाँड्रीत इस्त्री करत होत्या. केस पांढरे झाले होते, पायात सपाता.

"घड्याळजींच्या घरची माणसं कधी दिसतात?" मी विचारलं.

"आजी दिसतात. रस्ता ओलांडून पलीकडे जातात. सून थांबली होती एकदा. म्हणाली, मुलगी अजून घराबाहेर चालत नाही, कडेवर न्यावी लागते. एवढं सांगून गेली." त्यांनी शर्टाची कॉलर पसरली, त्यावर पाणी शिंपडलं. "माझ्या जागेवर कोण आलंय?"

"कुणी नाही. जागा भरलेलीच नाही."

"मग वाटा कोण तपासतं?"

मी समोरचे इस्त्रीचे कपडे उगाच सरळ करायला लागलो.

"पत्रक छापता ना?"

"छापतो."

"शेरे कुठून घेता?"

"तुमचेच," मी म्हणालो. "शेवटच्या वर्षीचे."

बाईंनी इस्त्री बाजूला उभी केली. मला वाटलं आता त्या चिडतील, पूर्वी चिडायच्या तशा. पण त्या हळूच म्हणाल्या, "नका छापू हो."

दुसऱ्या दिवशी मी नव्या साहेबांना सांगितलं की तपासणी झाल्याशिवाय माझ्या टेबलावरून पत्रक जाणार नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि तपासणीला माणूस नाही म्हणून पत्रकच बंद करून टाकलं. वाचनालयातला तो कप्पा आता रिकामा असतो. सुट्टीच्या सकाळी माणसं मुलाबाळांना घेऊन निघतातच, टेकडीवर, रानात, कालव्याच्या काठाने. वाटेत भेटेल त्याला विचारतात आणि पुढे जातात.