स्टेजवर सहाच जण

सहाच जण, असं मी पहिल्या दिवसापासून सांगत होते. कुणी विश्वास ठेवला नाही. चौथी पास बाई, तिला कसले स्पर्धेचे नियम कळणार! पण ब्लाउजचं माप द्यायला येणारी प्रत्येक बाई माप देता देता काहीतरी बोलून जाते, आणि ते चिंध्यांसारखं साठत राहतं. अमेरिकेतल्या ट्रॉय गावी भावाच्या बेसमेंटमध्ये मशीन टाकून मला तेव्हा आठ वर्षं झाली होती. गोधडी होईल एवढ्या चिंध्या आहेत. आज त्या गाण्याच्या तेवढ्या काढते.

आमच्याकडे हायस्कूलच्या हॉलमध्ये देशोदेशीच्या गाण्यांची स्पर्धा व्हायची. एका देशाचं एकच गाणं, नवं कोरं, पॉप. नदीपलीकडून कॅनडातली मंडळीही यायची. भारतात फोन करायला मिनिटं मोजून देणारं कॉलिंग कार्ड लागायचं, तेव्हाची गोष्ट. त्या वर्षी भारताचं गाणं द्यायची पाळी आमच्या मराठी मंडळाची होती.

गाणं माझ्या भाचीनं, इरानं लिहिलं. तेरा वर्षांची, जन्म इथलाच. साताऱ्याला माझे वडील कानानं अधू. इरानं फोनवर काहीही विचारलं तरी ते म्हणायचे, "जेवलीस का?" ती उत्तर देईपर्यंत कार्डातली बाई सांगायची, एक मिनिट शिल्लक. बस, एवढंच गाणं. चाल लावली निखिलनं, नागपूरचा, कंप्यूटरवाला. आणि वडिलांचा "जेवलीस का?" त्यानं फोनच्या स्पीकरवरून खराखुरा रेकॉर्ड करून घेतला.

त्याआधीच्या गणपतीत इराच्या मराठीला पोरं हसली होती. ती गाणं अर्धं टाकून स्टेजवरून उतरली आणि गाडीत जाऊन बसली. तेव्हापासून गाणं बंद. आता म्हणत होती, "आत्या, आय वॉन्ट टू फिनिश इट. पूर्ण." मला तेवढंच पाहिजे होतं. बक्षीस गेलं खड्ड्यात.

*

पहिल्या मीटिंगला अध्यक्ष जोशी म्हणाले, गाणं छान आहे, पण यात भारत कुठे आहे?

मग सगळ्यांनी भारत घालायला घेतला. एकानं हिमालय घातला. एकीनं गंगा. कुणीतरी सॅटेलाइट घातला. निखिल वहीत लिहून घेत होता. शेवटी वही मिटून म्हणाला, "मावशी, याच्यात आता फोन कुठे ठेवू ते सांगा."

तेलुगू, पंजाबी, गुजराती, तमिळ मंडळींचे वेगळेच फोन आले. भारताचं गाणं मराठीत का म्हणून? जोशी घाबरले. मी म्हटलं, तुमचे म्हातारे फोनवर काय विचारतात ते आधी विचारून या. दोन दिवसांत उत्तरं आली. तिन्नावा? रोटी खा लई? जम्या? साप्टिया? सगळ्यांचे म्हातारे एकच विचारत होते. निखिलनं ते सगळं कोरसमध्ये टाकलं. हिमालय आपोआप वितळला.

*

आता सहाचं सांगते. आदल्या वर्षी फिलिपिन्सची लिटा तिचे झगे आखूड करायला माझ्याकडे आली होती. तिला मराठी नाही, मला इंग्रजी नाही. दोघींनी बोटांवर तासभर गप्पा मारल्या. किती झगे, म्हणून मी विचारलं, तर तिनं सहा बोटं दाखवली, मग स्टेजसारखा हात आडवा करून सातव्या बोटाचा गळा कापून दाखवला. यात न कळण्यासारखं काय आहे?

मी हे मंडळात सांगितलं. जोशी हसले. "मावशी, रुल्स ईमेलमध्ये आलेत. अटॅचमेंट आहे."

मी विचारलं, उघडली का?

म्हणाले, उघडू.

आमच्या मंडळात मेंबराचं पोर स्टेजवर गेलंच पाहिजे. पोर तीन वर्षांचं असो, रडत असो, झोपलेलं असो. त्यामुळे टेलिफोनच्या गाण्याला एकोणीस पोरं झाली. वैद्यबाईंनी तर आपल्या लेकीसाठी, सानिकासाठी, पुण्याहून मोराचा पिसारा मागवला. मी म्हटलं, फोनमध्ये मोर काय करणार? म्हणाल्या, मागे नाचेल. "राष्ट्रीय पक्षी आहे हो, त्याला नाही कसं म्हणायचं?"

मी सहा झगे शिवले आणि मशीनवर कव्हर घातलं. सातवा शिवून मागितला तर कात्री दाखवायचे.

*

अटॅचमेंट शेवटी इरानंच उघडली. स्पर्धेला सहा दिवस होते. पहिल्याच पानावर ठळक अक्षरात: स्टेजवर जास्तीत जास्त सहा जण, सातवा दिसला तर गाणं बाद. वेळ तीन मिनिटं.

आता तरी कुणी म्हणेल, मावशी तुमचं बरोबर होतं. छे! जोशी म्हणाले, "बघा, मी म्हटलं नव्हतं का, रुल्स ईमेलमध्ये आहेत."

तेरा पोरं कमी करायची होती. इरा सोडून बाकीच्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. मोर गेला. वैद्यबाईंनी माझ्याकडचे चार ब्लाउज न शिवता परत नेले आणि पिसारा रागानं माझ्याच बेसमेंटमध्ये ठेवून गेल्या. अजून आहे, धूळ झटकायला बरा पडतो.

जोशींनाही गाण्याआधी दोन शब्द बोलायचे होते. मी म्हटलं, तुमच्या दोन शब्दांत माझी परातभर कणीक पोळ्या होऊन संपते. तर मग त्यांनी साउंड मागून घेतला. अध्यक्षानं कशात तरी असायला हवं ना. ते म्हणाले, माझा लॅपटॉप ऑफिसचा आहे, चांगला आहे. निखिल माझ्याकडे बघत होता. मी खाली बघत टाके घालत होते. तिथे मी बोलायला हवं होतं.

*

स्पर्धेच्या दिवशी मी पडद्याआड, तोंडात टाचण्या. समोर परीक्षकांत लाल कोटवाली एक बाई, प्रत्येक देशाची माणसं बोटांनी मोजत होती. आमची सहा तिनं दोनदा मोजली. मला बरं वाटलं.

इरा सुंदर गायली. मध्ये गाणं थांबतं, ती रिसीव्हर कानाला लावते आणि हॉलभर आजोबांचा आवाज येतो, अशी रचना होती. गाणं थांबलं. इरानं रिसीव्हर लावला.

आवाज नाही.

बाजूला जोशी लॅपटॉपची बटणं दाबत होते. ऑफिसच्या लॅपटॉपनं नेमका तेव्हाच पासवर्ड मागितला होता. जोशींना घामात तो आठवेना. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं.

इरा माझ्याकडे बघायला लागली. मग पायऱ्यांकडे. तिचा एक पाय मागे गेलेला मी पाहिला. गणपतीत असाच गेला होता.

मी टाचण्या काढल्या, पदर खोचला आणि स्टेजच्या मधोमध जाऊन उभी राहिले. माझ्या वडिलांसारखीच ओरडले, बहिऱ्यासारखी:

"जेवलीस का गं?"

हॉल हसला. इरा बघत राहिली. मग रिसीव्हर कानाला तसाच धरून म्हणाली, "नाही, आत्या. गाणं संपल्यावर जेवते." आणि पुढची ओळ उचलली. पार शेवटपर्यंत गायली. लोक उभे राहिले. आपले, परके, सगळे.

लाल कोटवाली बाई मोजत होती. पलीकडच्या रांगेतून लिटानं मला सहा बोटं दाखवली, मग डोक्यावर हात मारून सातवं.

पहिलं बक्षीस लिटाला मिळालं.

*

पुढच्या रविवारी वैद्यबाईंकडे पॉटलक, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायचं जेवण, आणि मीटिंग. विषय एकच, गाणं बाद कुणामुळे झालं?

निखिल म्हणाला, लॅपटॉपमुळे. जोशी म्हणाले, ऑफिसच्या पॉलिसीमुळे. वैद्यबाई म्हणाल्या, मोर असता तर तो पोकळ वेळ भरून निघाला असता. इरा कोपऱ्यात श्रीखंड खात तेच गाणं गुणगुणत होती, तिला कुणी विचारलं नाही.

मग जोशींनी सगळ्यांना विचारलं, सहाचा नियम आपल्यात सगळ्यांत आधी कुणाला माहीत होता? आणि वर्षभर ज्यांनी माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवला नव्हता, त्यांचे सगळ्यांचे हात वर झाले. मावशींना. पहिल्या दिवसापासून. आम्ही साक्षीदार आहोत.

जोशींनी रजिस्टर उघडलं. नियमाची पूर्ण कल्पना असूनही स्टेजवर गेल्यामुळे जबाबदार, असं लिहिलं, त्यापुढे माझं नाव लिहिलं आणि सगळ्यांना वाचून दाखवलं.

सुमन बाबुराव पवार.