नानकटाईचा चुरा

आमच्या ह्यांना साधा चहा धड जमत नव्हता, पण पाककृती गोळा करायचा नाद मात्र जबर. पिरंगुटच्या बाजूच्या एका कारखान्याची बस ते चालवायचे. सकाळी गावोगावची माणसं उचलून कारखान्यावर सोडायची, संध्याकाळी परत आणायची. मधल्या रिकाम्या वेळात बस सावलीला लावून तंबाखू मळायची आणि येईल त्याच्याशी गप्पा मारायच्या. त्या गप्पांमधून ते पाककृती आणत. बसच्या फेऱ्यांचे जुने कागद असत, त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर आडव्यातिडव्या अक्षरांत लिहिलेल्या. ‘बटर टोस. पाव आदी शिळा करावा.’

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. कागद हातात आला की आधी लाल पेनाने ‘आदी’चं ‘आधी’ करायचे आणि मग वाचायचे. ते वैतागायचे. “मास्तरीणबाई, तपासायला न्हाई दिला त्यो कागद. करून खायला घाल.”

त्यांना सगळं कडक लागायचं. टोस्ट, खारी, आणि सगळ्यांत आवडती नानकटाई. लहानपणी दिवाळीच्या आधी त्यांची आई मैदा, साखर आणि तूप डब्यात भरून द्यायची आणि ते तो डबा घेऊन पौडच्या बेकरीत रांगेत बसायचे. भट्टीतून आपला ट्रे बाहेर येईपर्यंत जागा सोडायची नाही, नाहीतर दुसऱ्याचा ट्रे गळ्यात पडतो, असं ते अगदी गंभीरपणे सांगत. लग्नानंतर मी कुकरची शिट्टी काढून, तळाशी मीठ घालून केक करायला शिकले, तेव्हा ते कुकरसमोर तसेच राखण करत बसलेले असायचे.

खरा ओव्हन आमच्याकडे आला तो माझ्या नणंदेमुळे. ती माण गावात, आयटी कंपन्यांच्या जवळ राहते. त्यांच्या शेताच्या जागी आता खोल्यांच्या रांगा आहेत. त्यातल्या एका खोलीत विदर्भातली एक मुलगी राहायची, आयटीत काम करणारी. ती नोकरी बदलून बंगळूरला निघाली, तेव्हा ओव्हन कुणाला तरी द्यायचा म्हणाली. नणंदेने आमचं नाव सांगितलं. ह्यांनी तो बसच्या पुढच्या सीटवर ठेवला, दोरीने बांधला आणि घरी येईपर्यंत एकही खड्डा चुकवायचा सोडला नाही.

ती मुलगी जायच्या आधीच्या रविवारी आमच्याकडे आली आणि दिवसभर शिकवून गेली. “काकू, अंदाजे नाही हं. मोजून घ्यायचं. आणि दार सारखं उघडून बघायचं नाही.” दुसरी सूचना माझ्यासाठी नव्हतीच. जो माणूस सारखं दार उघडून बघत होता, तो माझ्या शेजारी उभा होता.

त्यानंतरची तीन-चार वर्षं आमच्या संसारातली सगळ्यांत गोड वर्षं, असं आता वाटतं. मुलगी पुण्यात नोकरीला लागली होती. घरात आम्ही दोघंच. शनिवारची सकाळची शाळा आटोपून मी घरी यायचे, ते आठवडाभराचे कागद पुढ्यात टाकायचे आणि आम्ही निवड करायचो. एकदा कारखान्याची सहल घेऊन ते ताम्हिणीला गेले आणि तिथल्या ढाब्यावरच्या बाईंकडून नाचणीच्या बिस्किटांची कृती घेऊन आले. त्या बाई बिस्किटं पातेल्यात वाळू घालून, झाकणावर निखारे ठेवून भाजायच्या. बाकीची माणसं धबधब्याखाली भिजत होती आणि हे चुलीपुढे बसून लिहून घेत होते. ‘नाचनीचं पीठ भाजावं. लई न्हाई. वास सुटला की बास.’ बचतगटात मी ती बिस्किटं नेली, तर बायकांनी डबा चाटूनपुसून परत दिला.

मी एक वही घातली होती. कृती नीट उतरवायची, खाली करून पाहिल्याची नोंद. ह्या वहीबद्दलच मला सांगायचं आहे, कारण ती आता उघडवत नाही.

एका हिवाळ्यात हे नानकटाई मोडून खायला लागले. आधी अर्धी करून. मी विचारलं, “कडक झाली का?”

“न्हाई गं. अशी बरी लागती.”

मी पुढच्या वेळी तूप वाढवलं. मग ते चार तुकडे करायला लागले. मी रवा कमी केला. मग बेसन कमी केलं. मग भाजायचा वेळ दोन मिनिटांनी उतरवला. वहीत सगळं लिहिलेलं आहे. ‘तूप वाढवले, तरी कडक.’ ‘सोडा नवीन आणला, फरक नाही.’ अशा सहा-सात नोंदी आहेत, एकाखाली एक, सुवाच्य अक्षरात. शेवटी शेवटी ते नानकटाई बशीत कुस्करायचे, वर चहा ओतायचे आणि चमच्याने खायचे.

एकदा मी चिडले. “मी मन लावून एकेक वळते, वर बदामाचा काप लावते, आणि तुम्ही त्याचा भुगा करता. एवढी वाईट होत असेल तर सांगा, बंद करते.”

ते हसले. ओठ मिटून हसले. ते हल्ली असेच हसतात हे माझ्या लक्षात आलं होतं. जेवताना आमटी तिखट लागते म्हणून पाण्याचा घोट घेतात, हेही लक्षात आलं होतं. मी मिरची कमी केली होती. पोरांच्या वह्यांतला काना-मात्रा माझ्या नजरेतून सुटत नाही, आणि समोरच्या माणसाचं तोंड दिवसेंदिवस मिटत चाललेलं मला दिसलं नाही. मला दिसली ती माझी बिघडलेली नानकटाई.

पुढच्या दिवाळीत मुलगी आली. तिने लाडात येऊन अख्खा रव्याचा लाडू त्यांच्या तोंडाला लावला. लाडू दातांवर अडला.

“बाबा, तोंड उघडा ना.”

“उघडलंय की,” ते म्हणाले.

त्यांना खरंच वाटत होतं की तोंड उघडलंय. मुलीने लाडू खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्या दिवशी आम्ही दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ह्यांना स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. दोनसुद्धा गेली नाहीत. डॉक्टरांनी बॅटरी लावून गालाच्या आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तंबाखू किती वर्षांपासून खाता म्हणून विचारलं, तेव्हा हे माझ्याकडे बघून म्हणाले, “हिच्या आधीपासनं.”

पुण्यातल्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. डाव्या बाजूचा जबडा आणि जिभेचा काही भाग काढावा लागला. नाकातून नळी घातली आणि त्या नळीतून पातळ खाणं. बोलणं गेलं. म्हणजे आवाज होता, पण शब्द होत नव्हते. घरी आल्यावर मी त्यांना शाळेतली एक पाटी दिली.

ओव्हन मी जुन्या साडीने झाकून टाकला होता. ज्या माणसाला पाण्याचा थेंब तोंडाने घेता येत नाही, त्याच्या घरात व्हॅनिलाचा वास करायचा? मला ते पाप वाटत होतं. फोडणीसुद्धा मी मागच्या पडवीत, गॅसची शेगडी बाहेर नेऊन करायचे. कागद, वही, साचे, सगळं माळ्यावर टाकलं. मी त्यांना जपतेय असं मला वाटत होतं.

दोन महिने गेले. एका रविवारी दुपारी त्यांनी पाटी पुढे केली. ‘ओव्हन बिघडला?’

“नाही.”

त्यांनी पुसून लिहिलं, ‘मग?’

मी म्हटलं, “तुम्हाला खाता येत नाही आणि मी घरभर वास सोडू?”

ते पाटीवर वाकून बराच वेळ लिहीत राहिले. मग माझ्या हातात दिली. ‘एक नाकपुडी मोकळी हाय. वास येतो. तेवडाच येतो. तो पन बंद केलास.’

मी पाटी हातात धरून स्वयंपाकघरात गेले आणि तोंडात पदर कोंबून रडले. तिथून बाहेर आवाज जाईल म्हणून नळ सोडला. मग डोळे पुसले, माळ्यावर चढले आणि साचे काढले.

त्या दुपारी मी नानकटाई केली. तूप आणि पिठीसाखर हाताने फेसली, पांढरी होईस्तोवर. ते खुर्ची ओढून ओव्हनच्या काचेसमोर बसले. नानकटाई पसरते, मग तिला बारीक भेगा पडतात, मग कडा रंग धरतात. ते सगळं त्यांनी काचेतून पाहिलं. ट्रे बाहेर काढल्यावर मोकळ्या नाकपुडीने लांब श्वास घेतला. नळीवरचं चिकटपट्टीचं टोक थोडं हललं. मग बोटाने मला खूण केली. खा.

मी नानकटाई नुसतीच हातात धरली. त्यांनी पुन्हा खूण केली. मी खाल्ली. ते माझ्या जबड्याकडे बघत होते. पाटीवर लिहिलं, ‘कशी?’

“खुसखुशीत,” मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. ‘मग कडक न्हवतीच,’ असं लिहिलं. मी वर पाहिलं तर ते ओठ मिटून हसत होते.

उन्हाळ्यात नळी निघाली. पातळ काही थोडं थोडं गिळता येऊ लागलं. मी मऊ पदार्थांच्या मागे लागले. शाळेतल्या सहकारी, बचतगटातल्या बायका, मुलीच्या मैत्रिणी, ज्याला त्याला विचारायचे. कस्टर्ड ठसक्यात गेलं. दुधात कालवलेला मावा केक घशात चिकटला. मग कॅरॅमल पुडिंग केलं, ओव्हनमध्ये पाण्याच्या ट्रेत वाटी ठेवून. त्यांनी तीन चमचे घेतले. तीन चमचे, आणि ठसका नाही. त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, ‘दूध जास्त झालं.’

पदार्थाला नाव ठेवलेलं ऐकून इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

पावसाळा संपता संपता मानेत गाठ आली. डॉक्टरांनी मला आणि मुलीला वेगळं बसवून स्पष्ट सांगितलं. ह्यांनी आम्हाला काही विचारलं नाही. मार्गशीर्षात एका सकाळी, मी शाळेत रजेचा फोन करत असताना, आतल्या खोलीत ते गेले. मुलगी जवळ होती. मी नव्हते. भिंतीपलीकडे होते.

दहाव्याच्या आधी माणसं भेटायला येत होती, घरचा डबा घेऊन. त्यात ताम्हिणीच्या बाई आल्या. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. एसटी बदलत आल्या होत्या. फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, “बाई, मला कालच कळलं. डायवरदादाची बिस्किटं हायेत. लई आवडायची त्यांना.”

मी म्हटलं, “तुम्हाला इतकं लक्षात आहे?”

“असं कसं इसरंल? आवंदा बी आले व्हते की, आखाडात. मित्राच्या जीपनं. बोलता येत नव्हतं, पाटी व्हती संगं. मी म्हनलं, दादा, बिस्किट घ्या. तर लिवून दावलं. मला वाचाया येत न्हाई, त्यांच्या मित्रानं वाचलं. ‘आता घरीच खातो. बायको रोज करती. तुमच्यापेक्षा झाक.’” बाई डोळे पुसत हसल्या. “लई कवतिक तुमचं. रोज दोन खातो असं बी लिवलं व्हतं, चहासंगं.”

आखाडात म्हणजे पुडिंगच्या आसपास. एक दिवस मित्राबरोबर हवा खायला म्हणून गेले होते, तेव्हाच. तेव्हा त्यांना बिस्किटाचा कणसुद्धा गिळता येत नव्हता. बाईंनी पुढे केलेलं बिस्किट नाकारायचं, आणि का नाकारलं हे सांगून त्यांना वाईट वाटू द्यायचं नाही, म्हणून हे लिहिलं असणार.

“खात होते ना?” बाईंनी विचारलं.

“हो,” मी म्हटलं. “रोज दोन.”

बाई गेल्यावर मी एक बिस्किट तोंडात घातलं. नाचणी जरा जास्त भाजली गेली होती.

आता वर्ष होऊन गेलं. शाळा चालू आहे. मुलगी म्हणते, त्या सगळ्या कागदांचे फोटो काढून ठेवू. मी म्हटलं, ये आणि काढ. लाल पेनाच्या खुणांसकट निघतील, त्याला इलाज नाही.

नानकटाई मी करत नाही. जमत नाही. पण मागच्या महिन्यात त्यांच्या शर्टांच्या घड्या लावताना एका खिशात कागद सापडला. दवाखान्याच्या चिठ्ठीच्या मागे, पेन्सिलीने. तिथे थांबायच्या जागेत शेजारी बसलेल्या एका पेशंटच्या बायकोकडून घेतलेली कृती होती. दह्यातला केक, अंड्याशिवाय. ऑपरेशननंतर त्यांना लाईट देत होते, म्हणजे रेडिएशन, त्या दिवसांतली चिठ्ठी. गाल भाजून निघालेला, आणि हा माणूस कुणाला तरी खुणांनी विचारत होता, दही किती, सोडा किती.

सोडा किती, ते कागदावर पुसट झालंय. मी अंदाजे घातला. केक मधोमध बसला. तरी मी तो काढला, थंड केला आणि शेजारी दोन घरी दिला. एकीने विचारलं, “कुनाची रेसिपी?”

“आमच्या ह्यांची,” मी म्हटलं.