एकदा पीस झडू दे

रामटेके पक्ष्याचा रंग कधी लगेच सांगत नसे. कोणी पिंजरा घेऊन आलं की तो पक्षी अलगद मुठीत धरायचा, उन्हाकडे वळायचा आणि पोटावरच्या पिसांवर हलकीशी फुंकर मारायचा. पिसं दुभंगली की मुळाशी काय आहे ते बघायचा. पक्षी आणणारा उतावीळ झालेला असे. "पांढरा जातीचा आहे ना, भाऊ?" रामटेकेचं उत्तर ठरलेलं, "एकदा पीस झडू दे गा, मंग रंग सांगतो."

जखमेनं, आजारपणानं पीस पांढरं येतं. ते झडलं की खालून पुन्हा करडं उगवतं. आईबापांकडून आलेला रंग मात्र तोच परत येतो. म्हणून तो थांबायचा, महिनोन्‌महिने. त्याच्याकडे चिमणीहून लहान, करडे, लाल चोचीचे फिंच होते. आम्ही दोघं रेल्वेच्या पार्सल ऑफिसात समोरासमोर बसायचो, राहायचोही जरीपटक्याला एकाच गल्लीत. साहेबांनी त्याला काही विचारलं की आम्ही बाकीचे कुजबुजायचो, पीस झडल्याशिवाय रामटेके सांगायचा नाही. तोही हसायचा. ही सत्तरच्या आसपासची गोष्ट.

मग त्याचा मिलिंद आजारी पडला. आठ वर्षांचा मुलगा, हातपाय दुखतात म्हणून रात्रंदिवस कण्हायचा, डोळे पिवळे. डॉक्टर म्हणाले, सिकलची बिमारी आहे, रक्तातून येते, आईबाप दोघांचं रक्त तपासू. त्याच्या बायकोनं, सुलोचनावहिनींनी, आधी दिलं. त्यात दोष निघाला. रामटेकेच्या आईनं दवाखान्याच्या व्हरांड्यातच निकाल लावला, "हिच्याच माहेरचं रक्त हाय." रामटेकेनं मग आपलं रक्त दिलंच नाही. "आता कायले?" एवढंच म्हणाला.

मिलिंद गेला. वहिनींना कामठीला माहेरी नेऊन सोडणारा रामटेकेच होता. "थोडे दिस राहून ये वं," म्हणाला. ते थोडे दिवस काही संपले नाहीत. तो वेळेवर ऑफिसला यायचा, डबा खायचा, संध्याकाळी पक्ष्यांना राळा घालायचा. बोलायचाही नेहमीसारखाच. मला त्याचा राग यायला हवा होता, दयाही यायला हवी होती. दोन्ही आलं नाही.

पुढे एक दिवस दोन करड्या पक्ष्यांच्या घरट्याच्या मडक्यात एक पिल्लू फिक्या चोचीचं निघालं. बाकीच्या पिल्लांच्या चोची नेहमीसारख्या काळ्या होत्या, त्या लाल होतात मोठेपणी. ते पिल्लू पांढरं वाढलं, पिसं झडली, पुन्हा पांढरंच आलं. "मादीतलं दिसते," रामटेके म्हणाला. त्यानं नराला दुसरी मादी लावली आणि ही जुनी मादी माझ्याकडे आणून दिली, कारण माझ्याकडे त्यानंच गळ्यात मारलेला एक नर होता. त्याच्याकडे सगळी पिल्लं काळ्या चोचीची निघाली. "पाह्य, म्हणलं नव्हतं?" पण माझ्याकडेही सगळी काळ्या चोचीचीच निघाली. मी ते सांगितलं. तो म्हणाला, "नीट पाह्यलं काय गा?"

तो मादी परत घेऊन गेला आणि जुनी जोडी पुन्हा लावली. काही महिन्यांनी मला बोलावलं. मडकं हातातच होतं. आत एक फिकी चोच वर करून बसली होती.

"दोघाइचं आहे गा," तो म्हणाला. "दोघाइचं मिळालं तवाच बाहेर येते. एकट्याचं दिसतच नाही."

त्याच आठवड्यात तो दवाखान्यात जाऊन रक्त देऊन आला. जे वहिनींच्या रक्तात होतं तेच त्याच्याही रक्तात निघालं. रविवारी मला बरोबर घेऊन कामठीला निघाला. तिला घेऊनच येतो, असं आईला बजावून निघाला होता.

वहिनी अंगणात तांदूळ निवडत होत्या. त्यानं उभ्यानंच सगळं सांगितलं, पक्ष्यांचं, रक्ताचं. "माह्यातबी आहे. तुहं एकटीचं नव्हतं. चाल घरी."

वहिनींचा हात सुपात चालूच होता. आवाज चढला नाही.

"पाखराचा रंग सांगाले तुमी सहा-सहा मयने थांबत होते," त्या म्हणाल्या. "माह्यासाठी एक दिवस काहून नाही थांबले?"

वहिनींनी आम्हाला चहा दिला. आम्ही तो प्यालो आणि परतीची बस धरली.

त्यानंतर कोणी पक्षी दाखवायला आणला तर रामटेके हात लावत नसे. "मले नाही समजत," म्हणायचा. वहिनी आल्या त्या तो वारल्यावर. आल्यागेलेल्यांचं सगळं त्यांनी पाहिलं. निघायच्या दिवशी पिंजऱ्यापाशी थांबल्या, पाणी बदललं, राळा घातला.

"तो नर कोणता, भाऊजी?"

मी त्या जुन्या जोडीतल्या नराकडे बोट दाखवलं. म्हातारा झाला होता, पण इतरांसारखाच करडा, लाल चोचीचा. त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या.

"वरून तर काहीच दिसत नाही," म्हणाल्या, आणि पिशवी उचलून कामठीच्या बसला गेल्या.