मॅक्रोने न खोडलेलं नाव

या सदरातले अनुभव मी आजवर डब्याच्या सुट्टीत हसायला म्हणून वाचत आले. कुठे पांढरी बाई, कुठे पैंजणांचा आवाज... आता माझीच पाळी आलीय, तर हसा खुशाल.

अमरावतीत राजापेठेजवळ आमचं छोटं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. मी तिथे नऊ वर्षं. सुजाता बाळापूरची, दोन वर्षांपूर्वी आली. काम तिला मी शिकवलं — आणि वर्षभरात ती माझ्या पुढे! माउसला हातच लावायची नाही. कोड लिहायच्या एडिटरमध्ये प्रत्येक गोष्टीला स्वतःचा शॉर्टकट बसवलेला, आणि मॅक्रो असे की माझं तासाभराचं काम एका बटणावर. "सुजाता, दाखव ना," म्हणत सगळे तिच्या खुर्चीमागे. माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू?

त्यात टीम लीड नेमायचा होता. आमच्याकडे प्रत्येक फाइलच्या डोक्यावर लिहिणाऱ्याचं नाव टाकायची पद्धत आहे. सोमवारी सर तीच नावं बघून ठरवणार होते. शेवटच्या प्रोजेक्टच्या चाळीस फाइलींवर एकट्या सुजाताचं नाव. थोडंफार काम माझंही होतं, पण नाव टाकायचा मी आळस केलेला.

शुक्रवारी ती सुट्टी घेऊन गावी गेली. दुपारी मी तिच्या शॉर्टकटची फाइल गुपचूप माझ्या मशीनवर घेतली आणि मॅक्रो रेकॉर्ड केला. म्हणजे एका फाइलीत हाताने करून दाखवायचं — तिचं नाव खोड, माझं टाक, सेव्ह कर, पुढची उघड. बाकीच्यांत एडिटर तेच करतो. पहिली फाइल नीट झालेली मी डोळ्यांनी बघितली. मग बटण दाबलं.

चाळीसही फाइलींवर, अगदी पहिलीवरसुद्धा, तिचं नाव जागेवर... आणि खाली माझं.

मॅक्रो उघडून एकेक पायरी तपासली. खोडायची पायरी होती! परत चालवला, एक अक्षर हललं नाही. तसंच ठेवून घरी गेले.

सोमवारी सुजाता आली ती मशीन सुरू न करता थेट माझ्याकडे.

"ताई, चुकलंच माह्यं. फाइलीत तुमचंबी नाव टाकाचं राहून गेलं. शुक्रवारी दुपारी घरी एकदम आठवलं, मंग कशातच जीव लागेना. तुमीच तं मले शिकवलं."

"टाकलंय," मी म्हटलं.

"कोनं?"

मी पाणी प्यायला उठून गेले.

लीड तीच झाली. यातल्या जाणकार तिघांना मी विचारलं, एकालाही कारण सांगता आलं नाही. मलाही अजून कळलेलं नाही. तुम्हाला वाटेल, मी त्या दिवसापासून सुधारले. नाही हो. तिचं नाव खोडताना जळले नसेन, एवढी तिने माफी मागितली तेव्हा जळले. हुशारी नेली ती नेली, मोठेपणासुद्धा तिनेच न्यावा?