तिळाची रंगीत तालीम

माझ्या चुलत सासऱ्यांनी आयुष्यात एकही गोष्ट पहिल्यांदा केलेली नाही. जे केलं ते दुसऱ्यांदा. पहिल्यांदा व्हायची ती तालीम. गावाला जायचं असलं की आदल्या दिवशी त्याच वेळेला, त्याच भरलेल्या पिशव्या घेऊन ते पुणे स्टेशनवर जात, गाडी सुटेपर्यंत फलाटावर उभे राहत आणि समाधानानं घरी परत येत. जिन्यात कुणी विचारलं, "काय काका, गाडी चुकली वाटतं?" तर म्हणत, "गाडी उद्याची आहे. आज नुसती बघून ठेवली." कसबा पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत कुणाला जेवायला बोलावलं असलं, तर आदल्या दिवशी अगदी तोच स्वयंपाक व्हायचा, तशीच पानं मांडली जायची, आणि पाहुण्यांच्या जागी मला आणि माझ्या नवऱ्याला बसवलं जायचं. आम्ही विश्रांतवाडीहून बस बदलत, घामाघूम होत तिथं पोचायचो, आणि खऱ्या दिवशी आम्हाला आमंत्रण नसायचं! नवी नवरी होते तेव्हा मला याचा असा संताप यायचा म्हणून सांगू! एकदा न राहवून तोंडावर म्हटलंच, "काका, एकदा तरी आम्हाला खऱ्या जेवणाला बोलवा की." शांतपणे म्हणाले, "सूनबाई, मीठ चुकायचं असलं तर ते घरच्यांपुढे चुकावं." घरचे कसले, डोंबल! मी मीठ मागून घेतलं आणि जेवले.

ही खोड त्यांना नोकरीत लागली म्हणे. वीज मंडळात होते, तरुणपणी एकदा बंद समजून चालू तारेला हात लावला आणि थोडक्यात वाचले. तेव्हापासून बंद म्हटलेली गोष्ट खरंच बंद आहे का, हे बघितल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसेना. मूलबाळ नाही. त्यामुळे काकांच्या सगळ्या तालमी बिनबोभाट सहन करण्याचं काम एकट्या काकूंकडे. काकू स्वभावानं अगदी उलट. भाजी आणायला जायच्या आणि कुणाच्या तरी साखरपुड्याला जेवून यायच्या. पण काकांसाठी कुणालाही शिंगावर घ्यायच्या. एक गोष्ट त्यांनीच मला सांगितली होती. काकांच्या उजव्या गालावर, नाकाच्या शेजारी, तुरीच्या डाळीएवढा काळाभोर तीळ होता, चांगला बोटाला लागेल असा उंच. लग्नाच्या फोटोत फोटोवाल्यानं हौसेनं तो तीळ पुसून, चेहरा कसा गुळगुळीत करून दिला. त्या काळी फोटो असे हातानं सुधारून देत. काकू नव्या साडीनिशी तरातरा दुकानात गेल्या आणि म्हणाल्या, "हा कोण परका पुरुष माझ्या शेजारी बसवलात? माझा नवरा परत द्या." बिचाऱ्यानं ब्रशनं पुन्हा तीळ काढून दिला. "मुलगी बघायला आले तेव्हा मान वर करून काही बघितलं नव्हतं गं मी," काकू मला म्हणाल्या होत्या, "तो तीळ तेवढा दिसला. म्हटलं, चालेल."

हे सांगणाऱ्या काकू हळूहळू विसरायला लागल्या. आधी गॅस, मग किल्ल्या, मग माणसं. मला बघून हसायच्या, पण कोण ते सांगता यायचं नाही. ऐकायलाही कमी येत होतं, त्यामुळे आवाजावरून माणूस कळणं संपलं. काका मात्र लक्षात राहिले, आणि राहिले ते त्या तिळाच्या जोरावर. सकाळी उठल्या की त्या कावऱ्याबावऱ्या होत. काका जवळ जाऊन खाली वाकत. काकू हात पुढे करत, बोटानं त्यांचा गाल चाचपत, तीळ लागला की बोट तिथंच ठेवत आणि त्यांचा चेहरा सैल पडे. "अहो, तुम्ही होय," म्हणत. मग चहा, मग वेणी, मग सगळा दिवस सुरू. दुपारी झोपून उठल्या की पुन्हा तेच. हा माणूस, ज्याला कुणी खांद्यावर हात ठेवलेला खपत नसे, तो रोज असा लहान मुलासारखा गाल पुढे करून उभा राहायचा. मला ते बघवायचं नाही आणि बघितल्याशिवाय राहवायचंही नाही.

आणि नेमका तोच तीळ वाढायला लागला! काकांनी लपवलं. मी एकदा गेले तर गालावर कापसाचा बोळा. "काय झालं?" "दाढी करताना लागलं." पुढच्या खेपेला पुन्हा बोळा. मी म्हटलं, "काका, इतकी वर्षं दाढी करताय, आत्ताच बरा हात थरथरायला लागला?" बोळा काढायला लावला तर तिळाची कड वेडीवाकडी पसरलेली, रंग एका बाजूनं वेगळाच, आणि मधूनच रक्त येत होतं. ओढतच त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी भिंगातून बघितलं आणि विचारलं, "कधीपासून वाढतोय?" काका म्हणाले, "वाढतोय हे आपलं म्हणणं." बाई समंजस होत्या. म्हणाल्या, "काका, याचं लक्षण मला बरं दिसत नाही. हा काढून तपासायला पाठवायला हवा. ठेवून दिला तर जिवावर बेतू शकतं. ऑपरेशन लहानसं आहे, तेवढ्या जागेला भूल देऊ, टाके घालू, दुपारी जेवायला घरी." काकांनी बोटानं तीळ चाचपला. मग म्हणाले, "दुसरा बसवून मिळेल का?" बाई हसल्या. मीही हसले, सवयीनं. काका हसले नाहीत, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मग काय, तालीम! ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात ते दवाखान्यात जाऊन नुसतेच बाकावर बसून आले. नंबर आला तर म्हणाले, "आज नाही, आज बसायचंच आहे." घरी जेवणाच्या टेबलावर उताणे झोपले, गालावर फडकं टाकलं आणि मला म्हणाले, "तू डॉक्टर. कर सुरू." मी हातात चमचा घेऊन उभी! इतकं होईपर्यंत मला गंमत वाटत होती. मग उठून त्यांनी पांढरी पट्टी काढली, गालावर तिळावर नीट चिकटवली, आरशात बघितलं आणि म्हणाले, "आता खरी तालीम." काकू आतल्या खोलीत झोपून उठल्या होत्या. काका नेहमीसारखे वाकले. काकूंनी हात पुढे केला. बोट पट्टीवर फिरलं, खाली गेलं, वर आलं, पुन्हा फिरलं. मग त्यांनी हात झटकन मागे घेतला, पदर खांद्यावर ओढला आणि म्हणाल्या, "आपण कोण? घरात कसे आलात? अहो! अहो, कुठे आहात?" काकांसमोर बसून त्या काकांनाच हाक मारत होत्या. काकांनी एका हातानं ती पट्टी ओरबाडून काढली. "मी आहे, मी आहे गं. हे बघ." काकूंचं बोट तिळावर टेकलं तेव्हा त्या रडत होत्या. काकाही. मी पण, मी काय दगड आहे का!

त्यांनी एवढ्यावर हार मानली नाही. माझ्याकडे काजळाची डबी मागितली. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून गालावर तीट लावतात तशी तीट आपल्याला लावून बघ म्हणाले. मी पट्टीवर काजळाचा छान गोल ठिपका काढला. या वयात तीट लावून घ्यायला गाल पुढे करून बसलेले काका, एरवी हसून मुरकुंडी वळली असती. काकूंना लांबून ते पटलं. तोंड उजळलं त्यांचं. पण चाचपायची सवय कुठं जाणार? बोट लावलं आणि बोटाला काजळ आलं. काळं झालेलं बोट त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग अशा काही नजरेनं काकांकडे बघितलं की मी देवाला म्हटलं, पुरे कर बाबा. "फसवता मला?" एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी काकांच्या हातून घास घेतला नाही, मी भरवला.

दुसऱ्या दिवशी काकांनी फोन करून सांगितलं, "तू डॉक्टरांना कळव. ऑपरेशन रद्द." मी तशीच उठून कसब्यात गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. मोठ्यांपुढे असं बोलू नये हे मला माहीत आहे, पण माझी जीभ अशीच आहे. म्हटलं, "उद्या तुम्हाला काही झालं तर काकूंचं काय? मी विश्रांतवाडीहून रोज येणार आहे? आणि आले तरी मी त्यांची कोण?" आतल्या खोलीत काकू उशीचा अभ्रा काढत होत्या आणि पुन्हा घालत होत्या. काका दारात उभे राहून ते बघत होते. मग पाठमोरेच म्हणाले, "खरंय तुझं. मी नसलो तर ती 'आपण कोण' म्हणून विचारणार कुणाला? विचारायला तरी समोर कुणी पाहिजे. नको रद्द करू."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी काकांनी दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि काकूंसमोर येऊन बसले. काकूंनी नेहमीसारखा गाल चाचपला. "अहो, तुम्ही होय." काका म्हणाले, "हो, मीच." काकू हात काढायला लागल्या तर त्यांनी तो धरून ठेवला. बाहेर रिक्षा थांबलेली, रिक्षावाला भोंगा वाजवतोय, गल्लीत मागे दुचाक्या तुंबल्या, आणि वेळेच्या आधी पोचणारे आमचे काका उठेनात. शेजारच्या वहिनी काकूंपाशी बसायला आल्या होत्या, त्यांनी शेवटी काकूंना गप्पांत गुंतवलं तेव्हा कुठं आम्ही निघालो. ऑपरेशन मात्र बाई म्हणाल्या तसं सुरळीत झालं. काका बाहेर आले ते गालावर मोठी पट्टी आणि हातात सूचनांचा कागद. पट्टी भिजवायची नाही, दाढी करायची नाही, उन्हात जायचं नाही, मोठ्यानं हसायचं नाही, बोलायचं कमी. पुण्याच्या माणसाला बोलायचं कमी! मी म्हटलं, "काका, खरं ऑपरेशन तर हे झालं." त्यांनी पट्टीकडे बोट करून मला गप्प केलं. हसू येत होतं त्यांना, आणि टाके ओढले जात होते.

रिपोर्ट आला. रोग होता, पण सुरुवातीलाच सापडला, पुरता निघाला, आता अधूनमधून दाखवायला यायचं, बाकी काही नको. मी दवाखान्यातच देवाला हात जोडले. टाकेही निघाले. जागा सुंदर भरून आली, डॉक्टरीणबाईंचा हात फार चांगला. गाल अगदी स्वच्छ, तिथं कधी काही होतं असं वाटू नये इतका.

काकूंनी त्यांना पुन्हा ओळखलं नाही. पहिले काही दिवस फार वाईट गेले, ते मी सांगत नाही. मग हळूहळू त्यांनी या नव्या माणसाला चालवून घेतलं. हा सज्जन गृहस्थ घरात असतो, चहा करतो, वेणी घालतो, औषध देतो, इतकं त्यांना कळतं. त्याला त्या "भाऊ" म्हणतात. संध्याकाळी खिडकीशी बसून रस्त्याकडे बघत राहतात आणि त्याला आपल्या नवऱ्याबद्दल सांगतात. परवा मी गेले होते तेव्हा काका खाली बसून त्यांच्या पायांना तेल लावत होते आणि काकू बोलत होत्या. "आमचे हे जरा विक्षिप्त आहेत हो, भाऊ. लोक हसतात त्यांना. पण मला कधी दुखवलं नाही हं त्यांनी. पोर झालं नाही, सासरच्यांनी नाही नाही ते ऐकवलं, तर हे म्हणाले, हिला बोलायचं नाही. इतका चांगला माणूस. मी त्यांना तसं कधी म्हटलं नाही. आले की म्हणणार आहे. तुम्ही मला आठवण करा हं, मी विसरते हल्ली."

"करीन," काका म्हणाले.

मी निघाले तेव्हा काका मला जिन्यापर्यंत सोडायला आले. मी विचारलं, "काका, रोज हे ऐकून त्रास नाही होत?" मोकळ्या गालावरून त्यांनी हात फिरवला. "त्रास कसला?" म्हणाले. "इतक्या वर्षांत मला म्हणाली नाही एवढं त्या तिच्या नवऱ्याबद्दल चांगलं बोलते. ऐकायला बरं वाटतं." आतून काकूंनी "भाऊ!" अशी हाक मारली. काका वळले, आणि जाता जाता म्हणाले, "फक्त एक वाटतं, सूनबाई. तो एकदा यावा गं. फार वाट बघते ती त्याची."