बांबूची तोफ

माझी शेवटची पोस्टिंग पश्चिम सरहद्दीवर झाली. पेन्शनीला अकरा महिने राहिले होते. हुद्दा नायब सुभेदार, काम विमानवेधी तोफांचं, गाव म्हसवड. माझ्या ताब्यात दोन तोफा होत्या. लांब नळीच्या, हाताने गोळे भरायच्या, दोन्ही माझ्यापेक्षा वयाने मोठ्या. फौजेत त्यांना एल-सेव्हंटी म्हणतात. नवे लेफ्टनंट त्या बघून हसायचे. घरच्या म्हाताऱ्या बैलाला पाहुण्याने नाव ठेवलं की आपण जसे गप्प बसतो, तसे आम्ही गप्प बसायचो.

मेजर साहेबांनी पहिल्याच दिवशी सगळं सोपं करून सांगितलं. समोरचा आता विमान पाठवणार नाही, ड्रोन पाठवेल. ते पडतं एखाद्या मोटरसायकलच्या किमतीला. त्यावर आपण बंगल्याच्या किमतीचं क्षेपणास्त्र सोडलं, तर ड्रोन पाडूनही आपणच हरलो. शिवाय पुढचं ड्रोन बहुतेक आमिष असतं. त्याच्यावर आपण फायर केलं की आपली जागा कळते, आणि मागची खरी ड्रोन बरोबर तिथे येतात. आमच्या मागे दोन किलोमीटरवर एक मोठं रडार होतं. ते गेलं असतं तर तो सगळा पट्टा आंधळा झाला असता. साहेब म्हणाले, काहीतरी स्वस्तातलं करा, पण ड्रोनला फसवा.

त्यावर मागच्या रांगेतून हात वर झाला. नाईक बाळू सुतार, गाव कडेगाव. त्याने हिंदीत विचारलं, सर, बांबू मिळतील का?

कडेगावचे मोहरमचे ताबूत ज्यांनी बघितलेत त्यांना सांगायला नको. घरांच्या माथ्यावरून डोकावतील एवढे उंच, आणि नुसत्या बांबूचे. वरचा मजला आधी बांधायचा, तो उचलून त्याखाली दुसरा. खिळा नाही, तार नाही. चिकणमातीत भिजवलेलं सूत गुंडाळत जायचं आणि कुठेही गाठ मारायची नाही. बाळूच्या घरात हे काम आजोबांपासून होतं. बाळू सातवीपासून वडिलांच्या हाताखाली सूत धरायचा.

त्याने मेसच्या मांडवाचे बांबू मागून घेतले. कालव्यातून माती आणली. क्वार्टर मास्टरकडून सुताची बंडलं आणली. मग मला म्हणाला, साहेब, हे दोघांचं काम आहे, एकाने गुंडाळायचं आणि एकाने ताण धरायचा. बाकीची पोरं ड्यूटीवर होती. सत्तावीस वर्षं नोकरी झालेला सुभेदार मी, दोन दिवस नाईकाच्या समोर उकिडवा बसून सुताचं टोक धरत होतो. जरा हात ढिला पडला की तो म्हणायचा,

"साहेब, ताण सोडू नगा. ताण गेला की समदं गेलं."

मी त्याला म्हणायचो, घरी बायकोचं एवढं ऐकलं असतं तर तिने देव्हाऱ्यात बसवला असता मला. तो हसायचा, पण हात थांबायचा नाही. त्या दोन दिवसांत आम्ही गावाकडचं किती बोललो असू. आमच्याकडची सिद्धनाथाची यात्रा, त्यांच्याकडचा ऊस, विट्याच्या स्टँडवरचा चहा. अख्ख्या नोकरीत मी इतका निवांत बसलो नव्हतो. आजही ती पोस्टिंग म्हटलं की मला आधी ती ओल्या मातीची आणि सुताची दुपार आठवते.

तिसऱ्या दिवशी तोफ उभी राहिली. चाकं जुन्या टायरची, ढाल पत्र्याची, नळी बांबूवर तंबूचं कापड गुंडाळून तेल-राख चोपडलेली. शंभर पावलांवरून मलाही फरक कळेना. ड्रोनच्या कॅमेऱ्याला उष्णता दिसते, म्हणून नळीच्या बुडाशी डब्यात निखारे ठेवायचे. ती आमच्या खऱ्या तोफांपासून चारशे मीटरवर उघड्यावर ठेवली. खऱ्या तोफा जाळीखाली गाडल्यासारख्या बसवल्या. मेजर साहेब बघायला आले, तिच्याभोवती फिरले आणि एवढंच म्हणाले, "इसको सलामी तो नहीं देनी पड़ेगी?"

बाळूला मात्र समाधान नव्हतं. तो दिवसातून चार वेळा लांब जाऊन एक डोळा मिटून बघायचा. नळी एका बोटाने खाली दिसली तरी जाऊन सरळ करायचा. मी म्हटलं, अरे ड्रोन काय सुतार आहे का? तर म्हणाला, वाकडं काम उभं ठेवायचं म्हणजे घशाखाली घास जात नाही.

मग लढाईचे ते दिवस आले. पहिल्या संध्याकाळी पावणेनऊला तीन ड्रोन आली. एकाने बांबूच्या तोफेवर दोन फेऱ्या मारल्या आणि सरळ तिच्यावर उडी घेतली. आमच्या खऱ्या तोफांकडे कुणी फिरकलं नाही. राहिलेली दोन परत फिरली तेव्हा आम्ही पाडली. पोरं नाचली. बाळू पहाटेच उरलेले बांबू घेऊन बसला. मी सूत धरलं. दुपारी बारापर्यंत दुसरी तोफ उभी.

त्या दिवशी तीन वाजता वादळ आलं. तासभर नुसती वाळू. साडेसहाला मी दुर्बिणीतून पाहिलं तर दुसऱ्या तोफेची नळी एका अंगाला झुकली होती. फार नाही. कॅमेऱ्याला कळलं असतं की नाही, मला आजही सांगता येत नाही. बाळू शेजारी उभा होता. मी सहज गंमत म्हणून बोललो,

"सुतारा, तुझ्या तोफंनं मान टाकली रं."

त्याने दुर्बीण घेतली. बघितलं. चेहरा पडला. म्हणाला, साहेब, पाच मिनिटांत सरळ करून येतो. निखारेही भरतो. ड्रोन आदल्या दिवशी अंधार पडल्यावर आली होती. आजही तशीच येतील असं मी धरून चाललो. म्हटलं जा, वॉकी-टॉकी घेऊन जा.

सहा बावन्नला तो तोफेजवळ पोचला. सहा अठ्ठावन्नला वायरलेस सेटवर मेजर साहेब बोलले.

"अल्फा वन, टार्गेट वन, बेअरिंग टू सेव्हन फाइव्ह, लो. मागे आणखी आहेत. होल्ड फायर. ओव्हर."

मी फायर मागितलं. सांगितलं, माझा माणूस डमीवर आहे. मग तोच आवाज, तेच शब्द. होल्ड फायर. त्यांचं चुकलं नव्हतं. आम्ही तेव्हा तोंड उघडलं असतं तर मागची सगळी ड्रोन आमच्यावर आणि मग रडारवर गेली असती. माझे गनर माझ्याकडे बघत होते. मी हात खाली धरला.

बाळूला वॉकी-टॉकीवर सांगितलं, सोड आणि खंदकात पळ. खंदक त्याच्यापासून वीस पावलांवर होता. तो म्हणाला,

"आता सरळ हाय का बघा, साहेब."

मी पाहिलं. नळी सरळ होती. मी म्हटलं, "सरळ आहे. पळ."

तो पळाला. ड्रोन तोफेवरच आलं, जसं यायला हवं होतं तसं. बाळू खंदकाच्या चार पावलं अलीकडेच राहिला.

मागून पाच आली. ती आमच्या जागेवरून बिनधास्त रडारकडे निघाली होती, कारण त्यांच्या लेखी तोफ संपली होती. त्या दोन म्हाताऱ्या तोफांनी चार पाडली. पाचवं रडारच्या अलीकडे शेतात पडलं. सात वाजून नऊ मिनिटांनी सेटवर ऑल क्लिअर आलं. मी चारशे मीटर पळत गेलो. सगळ्या पोरांच्या आधी पोचलो, पण उशीरच झाला होता.

बाळूला घेऊन मी कडेगावला आलो. रस्ते भरले होते, घोषणा होत्या, तिरंगे होते. त्याचे वडील, बापू, माझ्यासमोर उभे राहिले. मी नुसता सॅल्यूट केला आणि परत गेलो.

यंदा पेन्शनवर आल्यावर, बकरी ईद झाली तशी मायणी-विटा करत कडेगावला गेलो. ताबुतांची बांधणी सुरू झाली होती. बापू शेडमध्ये बांबूसमोर बसले होते. सुताचं दुसरं टोक त्यांनी खांबाला बांधून ठेवलं होतं. शेजारचा माणूस हळूच म्हणाला, बाळू गेल्यापासून ते ताण धरायला कुणाला बसू देत नाहीत.

मी त्यांच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. नळी थोडीच झुकली होती. मी बोललो नसतो तर त्याचं लक्षही गेलं नसतं. मी चेष्टा केली म्हणून तो गेला. आणि तो तिथे असताना मी फायर केलं नाही. एवढं बोलायला मला वर्ष लागलं होतं. सांगताना रडलो, ते लपवत नाही.

बापूंचे हात चालूच होते. एक वेढा पुरा करून म्हणाले,

"आवं सुभेदार, तुमी न्हाई बोलला तरी त्यो गेलाच असता. वाकडं त्याला बगवतच न्हवतं. मीच तसा केलाय त्याला."

मग हात थांबवले. पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.

"सरळ करून गेला न्हवं?"

म्हटलं, "व्हय. सरळ केली होती. मी बघितली."

त्यांनी मान हलवली. उठून खांबाचं सूत सोडलं आणि ते ओलं टोक माझ्या हातात दिलं.

"धरा. ताण सोडू नगा."

मी धरलं. दुपारी दीडपर्यंत धरून बसलो होतो.